पडायची तालीम

मार्केट यार्डात, हळदीच्या गाळ्यात,
सौदे उरकून हमाल चहाला गेले की
दस्तगीर मास्तर बारदान अंथरायचे.
एकावर एक सात.
मग म्हणायचे, "हं, पडा."

आम्ही आलो होतो नाटक शिकायला.
पारिसाला राजा व्हायचं होतं,
नर्गिसनं घरून पत्र्याची तलवार आणली होती,
मला निदान एक तरी वाक्य हवं होतं.
पहिले दोन महिने मास्तरांनी
कुणाला तोंड उघडू दिलं नाही.
नुसतं पडायचं.
पाठीवर, कुशीवर, गुडघ्यात मोडून,
गोळी लागल्यागत, भोवळ आल्यागत,
सासऱ्यासमोर धोतर सुटल्यागत.

"भरल्या पोत्यागत पडू नगंस पोरी, फुटशील.
रिकाम्या पोत्यागत पड.
आदी श्वास सोड, मग अंग सोड.
जिमीन काय पळून जात न्हाई."

एकोणतीस वर्षं ते फडात सोंगाड्या होते.
रात्रीला अकरा वेळा पडायचे,
सावळजच्या जत्रेत एकदा चौदा.
पडण्यामागं चार आणे, असा करार.
"आन् उठायचं?" पारिसानं विचारलं.
"त्याचं पैसं मिळत न्हवतं."

घरी गेलं की पाठ पिवळी.
आई फ्रॉक झटकत विचारायची,
कुणाची हळद खेळून आलीस?
चुलती म्हणायची, पोरीच्या जातीनं पडू नये,
माती झटकता येते, नाव नाही.
हे मी मास्तरांना सांगितलं.
ते बराच वेळ सुपारी कातरत बसले.
मग म्हणाले,
"पडदा रोज पडतो.
त्याला कुणी नावं ठेवली?"

ते स्वतः पडले ते मोरीत.
साबणाच्या पाण्यावर, पहाटे, प्रेक्षक नसताना.
खुबा मोडला.
मिरजेच्या दवाखान्यात आम्ही गेलो सगळी,
एसटीत उभं राहून, सोबत चार मोसंब्या.
पायाला वजन टांगलेलं.
म्हणाले, "मी कसा पडलो, दाखवा बघू."

पारिसा दोन खाटांच्या मधे उभा राहिला,
घसरला, झकास आपटला.
शेजारचा म्हातारा टाके धरून हसला.
मास्तर नाही हसले.
"खोटं. तू जिमिनीकडं बघितलंस.
पडणारा माणूस जिमिनीकडं बघत न्हाई.
नळाकडं बघतो."

पारिसा पुन्हा पडला.
या वेळी त्याचा हात
तिथं नसलेल्या नळाकडे गेला,
बोटं मिटली, मुठीत काहीच आलं नाही,
आणि वॉर्डात कुणी हसलं नाही.
ओरडायला आलेली सिस्टर
ट्रे धरून तशीच उभी.
"हां," मास्तर म्हणाले. "आता राजा कर."

आता पोती प्लास्टिकची, पाय सटकतो त्यांच्यावरून.
मी आडत्याकडे पट्ट्या लिहिते,
पाचनंतर पोरं येतात.
मला पुढे वाक्यं मिळाली, बरीच,
गणपतीत, स्पर्धेत, एकदा तर पुण्यालाही.
त्यातलं एकही आज आठवत नाही.
पडलेली मात्र प्रत्येक वेळ आठवते,
कोपरात, माकडहाडात, जिथल्या तिथं.

नऊ वर्षांची स्नेहांकिता
आठवडा झाला, पोत्यांवर नुसती उभी राहते.
मुठी आवळून.
बाकीची पोरं केव्हाच पडून, उठून,
पिवळी होऊन भेळेकडे पळाली.
मी सांगते, आधी श्वास सोड.
ती सोडते. थोडासा.
उरलेला धरून ठेवते.

बाहेर शेवटचं पोतं काट्यावर चढतं.
काटा हलतो, हलत राहतो.
मी बसले आहे.